कांचनची अल्गी

अमेरिकेत ईडन प्रेरीला राहणाऱ्या कांचनच्या सासूबाई, शैलजाताई, नागपूरहून आल्यापासून रोज चौकशी करायच्या, "कशी आहे गं तुझी अल्गी?" जणू दवाखान्यात पडलेली नणंदच! अल्गी गोठ्यातलं घाण पाणी साफ करते, एवढंच त्यांना ठाऊक. एखादं मशीन असावं, असा त्यांचा समज. अल्गी म्हणजे आपलं शेवाळ, हे काही कांचनच्या तोंडून निघालं नव्हतं. इंजिनिअर सुनेनं दिवसभर शेवाळ सांभाळायचं, हे सांगायची तिला लाज वाटायची.

आणि आता ती अल्गी खरोखरच आजारी पडली. ज्याच्या गोठ्यावर तिचा प्रोजेक्ट चालू होता त्या डेअरीवाल्यानं गोठा धुतलेलं ब्लीच अल्गीच्या तळ्यात सोडलं आणि हिरवंगार तळं चहासारखं तपकिरी झालं. "आठवड्यात जिवंत बी आणून दाखव, नाहीतर तळं बुजवतो," तो म्हणाला. प्रोजेक्ट गेला की नोकरी गेली, नोकरी गेली की व्हिसा. विरजणासारखं तळ्यात सोडायचं लॅबमधलं बी आधीच सडलेलं. शेणपाण्याला सरावलेलं बी उरलं होतं ते फक्त घरी, किचनच्या खिडकीत तिनं ठेवलेल्या लोणच्याच्या जुन्या बरणीत.

ती धावत घरी आली. बरणी ओट्यावर उपडी, लखलखीत.

"आई, ह्यातलं पाणी?"

"इश्श, केवढं शेवाळ धरलं होतं! घासून घासून हात दुखले माझे."

"आई, तीच माझी अल्गी!" कांचन ओरडली.

शैलजाताईंचा चेहरा उतरला. "अगं, मग शेवाळ म्हणायचं ना! मी हात तरी लावला असता का? पाणी तुळशीला घातलंय बघ."

कुंडीखालच्या ताटलीत घोटभर हिरवट पाणी उरलं होतं. शैलजाताईंनी बरणी पुन्हा विसळली, देवातली पळी आणली. दोघींनी ते पाणी पळीपळीनं बरणीत भरलं, वर कांचननं थोडं खताचं पाणी घातलं.

"साबण राहिला असेल का गं?" त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. कांचनला तरी कुठे ठाऊक होतं!

रोज ती बरणी उजेडात धरायची. पाणी नितळ. स्वच्छ पाण्याचा एवढा राग तिला कधी आला नव्हता. ऊन सरकेल तशी शैलजाताई बरणी सरकवत बसायच्या. अल्गीची चौकशी मात्र बंद झाली होती.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी कांचनचा नवरा गिरीश जर्सी सिटीतलं ऑफिसचं काम आटोपून परतला आणि किचनमधून ओरडला, "यार, ही बरणी किती घाण झालीय! पूर्ण हिरवी. फेकून देऊ का?"

"खबरदार हात लावशील तर!" शैलजाताई जपमाळ टाकून धावल्या. "शेवाळ आहे ते आपलं!"

कांचन जिन्यातच बसून रडू लागली.