पाच ट्राय

दुबईजवळच्या हमरिया फ्री झोनमधल्या त्या कारखान्यात साहेबाची सही हवी असेल, तर आधी वेल्सचा रग्बीतला निकाल बघावा, हे सदानंदने स्वतःच लावलेलं शास्त्र होतं. पुण्याचा हा ड्राफ्ट्समन एरवी पंचांगही न बघणारा. पण साहेब वेल्सचा, दोन्ही मॅनेजर वेल्सचे, आणि शनिवारी मॅच झाली की रविवारी सकाळी केबिनमध्ये तिघांची कोर्टकचेरी भरायची. पुढच्या फळीत दम नाही, लाथ मारायची तिथे पळत सुटतात, कोचला घरी बसवा. गंमत म्हणजे ही माणसं जिंकल्यावरही हरल्यासारखीच भांडत.

शतक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. सुनेत्रा पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. त्या वेळी तू नुसता दाराबाहेर उभा असलास तरी पुरे, एवढंच तिने मागितलं होतं, आणि सदानंदने शब्द दिला होता.

रजेचा अर्ज घेऊन तो रविवारी केबिनशी आला. आत आवाज चढलेले. ‘फाइव्ह ट्राइज!’ म्हणत साहेबाने टेबलावर बुक्की मारली. सदानंदने बाहेरच अर्थ लावला. पाचदा प्रयत्न करून एकदाही जमलं नाही, मग आज आत जाणं म्हणजे विस्तवात हात घालणं. त्याने अर्ज खिशात टाकला. रग्बीत ट्राय म्हणजे प्रयत्न नव्हे, चेंडू रेषेपलीकडे टेकवून मिळवलेले गुण, हे त्याला कोण सांगणार? आमचा आपला शाळेतल्या डिक्शनरीवर विश्वास.

पुढच्या रविवारी आतून ऐकू आलं, ‘नॉट अ सिंगल ट्राय.’ म्हणजे सहज जिंकले, असं समजून सदानंद हसत आत गेला आणि वर अभिनंदनही करून बसला. साहेबाने अर्ज ओढून घेतला, तारखा बघितल्या. मग म्हणाला, त्या तारखांना चारुदत्त जातोय, दोन्ही ड्राफ्ट्समन एकदम सोडता येणार नाहीत.

चारुदत्त शेजारच्याच टेबलावरचा. ‘अरे, मी लास्ट संडेलाच सही घेतली,’ तो म्हणाला. ‘पाच ट्राय मारले होते ना, साहेब जाम खूश. दोन मिनिटांत काम खलास.’ ट्रायचा अर्थही त्यानेच सांगितला. त्याच्या बहिणीचं लग्न होतं. तारखा बदल म्हणायला सदानंदला तोंड नव्हतं.

ईशानी झाली त्याच्या चौथ्या दिवशी दुबईत अल मनखूलच्या टेलिफोन बूथमधून त्याने फोन लावला.

‘साहेबाने सोडलं नाही ना?’ सुनेत्राने विचारलं.

‘नाही सोडलं.’

तेवढं खरंच होतं. तेव्हापासून साहेब त्या घरात राक्षस ठरला. सुनेत्रा दुबईला आली तरी तिने त्याला कधी जेवायला बोलावू दिलं नाही. सदानंदला लाज वाटे, फार वाटे, पण खरं सांगायचा धीर झाला नाही.

काही वर्षांनी साहेब निवृत्त झाला. निरोपाला सगळ्यांच्या बायका आल्या, सुनेत्रा आली नाही. मिसेस बऱ्या आहेत ना, असं साहेबाने आपणहून विचारलं आणि ईशानीसाठी आणलेली वेल्सची छोटी लाल जर्सी सदानंदच्या हातात दिली. ती त्याने ऑफिसच्याच खणात ठेवली. घरी नेऊन कोणी दिली म्हणून सांगणार होता?