फ्रिजमधला भात

काळा राजमा शिजल्याचा वास आला की मला दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समधला तो फ्लॅट आठवतो. माझ्या कोस्टा रिकाच्या रूममेटची आई महिनाभर राहून मायदेशी परतली, आणि पोचल्यावर काही तासांतच गेली. फोन आल्यापासून तो बाल्कनीत नुसता बसून होता. अशा वेळी आपल्याकडे शेजारचे जेवण आणतात. इथे शेजारीही मीच. म्हटलं, त्याच्या घरचा तो राजमा-भात, गायो पिंतो, आज आपण करायचा. दुःखातल्या माणसाला शिळं कसं वाढायचं, म्हणून फ्रिजमधला डबाभर भात कचऱ्यात ओतला, ताजा बासमती लावला, राजम्याचं काळं पाणी सिंकमध्ये सोडलं आणि वर हिंगाची फोडणी दिली. झाला नुसता गिचका. ताटाकडे बघत त्याने विचारलं, "फ्रिजमधला भात?" "खलास, हबीबी. शिळा होता, टाकला," मी ऐटीत सांगितलं. "पिंतो शिळ्या भाताचाच करतात," तो हळूच म्हणाला, "आई जाताना त्यासाठीच शिजवून गेली होती." मग तो गिचका त्याने संपवला, वर आणखी मागून घेतला. माझ्या स्वयंपाकाच्या फजित्या मी चारचौघांत रंगवून सांगतो. ही मात्र हिंगाच्या फोडणीपर्यंतच सांगतो.