बुडखा आत, शेंडा बाहेर

आबा गेल्याचं मला कुणी नीट सांगितलंच नाही. मी पाटणला लेकीच्या बाळंतपणाला गेले होते. सकाळी मालकांचा फोन आला. म्हणाले, "तू नीघ." मी विचारलं, "आबांनी चहा घेतला का?" तर त्यांनी फोन ठेवून दिला. तेव्हा कळलं.

शिराळ्याजवळच्या आमच्या वस्तीवर पोचले तर दारात माणसं जमली होती. बायका गळ्यात पडत होत्या, आणि माझी नजर सारखी शेतात शिरायच्या तोंडाकडे जात होती. तिथली काट्याची फांदी बाजूला पडली होती. आबा असते तर दिवस मावळायच्या आत ती जागेवर गेली असती. त्या दिवशी येणाऱ्या-जाणाऱ्यांत ती कोण लावणार? मलाही सुचलं नाही. सकाळी बघितलं तर रानडुकरांनी काढणीला आलेला भुईमूग उकरून टाकला होता. मालक चिखलात उभे राहून म्हणाले, "आता बास. तार वडायची."

आबा म्हणजे माझे वडील, आटपाडीकडचे. मेंढरांचा कळप मोडल्यावर त्यांनी लोकांच्या शेताला काट्याची कुंपणं घालून पोट भरलं. आई वारल्यावर मी त्यांना इकडं आणलं. इकडं माझे मालक मिलिटरीतून आल्यापासून गावोगाव तारेची कुंपणं घालून देतात. एका घरात दोन कुंपणवाले, आणि दोघांचं कधी जमलं नाही. मालक आधी कोपऱ्याचे खांब खोल रोवणार, तिरका टेकू देणार, सुतळी धरून रांग लावणार, मग यंत्रानं तार ताणून बोटानं वाजवून बघणार. आबांना सुतळी लागत नसे. बांध वळेल तसे ते वळायचे. बाभळीचा एक फांदा टाकायचा, दुसऱ्याचा शेंडा त्यात गुंतवायचा, टायरच्या वहाणेनं दाबायचं, वर धोंडा. प्रत्येक फांद्याचा जाड बुडखा आत, काटेरी शेंडा बाहेर.

"मामा, वर्साच्या आत वाळवी खाती तुमचं कुंपण," मालक म्हणायचे.

"खाऊ द्या की. तिनं तरी कुठं जावं?"

"माझी तार एकदा वडली की धा वर्सं बघाय नको."

"तेच म्हंतो, पावणं. धा वर्सं बांधावर कोण जाणारच न्हाई. आन् एवढी काटेरी तार कशाला? हितं डुक्कर हाय, पाकिस्तान न्हाई."

मी आत भाकरी थापता थापता हसायची. पण मधे कधी बोलले नाही. कुणाची बाजू घ्यायची म्हटलं की माझ्या तोंडाला कुलूपच लागायचं.

वाद खरा होता तो त्या तोंडाच्या जागेचा; मालकांना तीही तारेनं बंद करायची होती. दिवाळी झाली की आबांच्या भावकीतली मेंढरं इकडं उतरतात आणि आमच्या मोकळ्या रानात बसतात. रानाला खत होतं, आणि आबांना त्यांची माणसं भेटायची. त्यांच्यासाठी आबा तेवढी जागा सोडायचे आणि एका जाड फांद्यानं बंद करायचे. नागपंचमीला काही तोडायचं नाही, म्हणून पंचमी सरली की दुसऱ्या दिवशी नवा फांदा. कुत्री भुंकली, मेंढरांचा आवाज आला, की आबा चहा टाकून पळत. "आवं, दम धरा, ते येतील आत," मी म्हणायची. ते म्हणायचे, "कसं येतील? भायेर समदा काटा हाय. बुडखा आतल्याच्या हातात." मग आत उभं राहून फांदा ओढत आणि ओरडत, "या रं गड्यांनो!" तो आवाज घरातल्या आबांचा नव्हताच. कुणा तरण्या माणसाचा वाटायचा.

दहावं-तेरावं झालं. मालकांनी तार आणली. सोप्यात ती गुंडाळी दिसली की मला घरात बसवेना. उगाच गोठ्यात जायची, उगाच भांडी पुन्हा घासायची. कुंपण वाढत गेलं. चांगलंच होतं ते, खोटं कशाला बोलू? भुईमुगाचे हाल मीही बघितले होते. शेवटी मालक तार घेऊन त्या तोंडाशी आले आणि थांबले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "हितं काय करू?"

मी म्हणाले, "तेवढं सोडा."

"डुकरं येत्यात की."

"काटा मी लावीन. रोज."

"आन् इसरलीस तर?"

मी फांद्याचा बुडखा धरला. तिथंच उभी राहिले. त्यांनी खिळे पिशवीत टाकले आणि म्हणाले, "मामाची लेक हायस खरी."

आता चारी बाजूंना मालकांची ताणलेली तार आहे आणि तोंडाशी तेवढा आबांचा फांदा. दिवस कलला की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. कुणी पाहुणी बोलत बसली असली तरी माझं लक्ष तिकडंच. लावून आले तरी पुन्हा जाऊन बघते. दिवाळी तोंडावर आली आहे. लेक म्हणते, बाळाला बघायला ये, चार दिवस राहा. जीव तिकडं ओढतो, पण नाही म्हणाले. मेंढरं कुठवर आली असतील कोण जाणे. आबा गेल्याचं त्यांना कुणी कळवलं असेल का... येतील, बाहेर उभे राहतील, हाक मारतील.

पंचमीपासून रोज धरून बुडख्याची साल आबांच्या हातानं गुळगुळीत झाली आहे. रोज तिथंच धरते. बाहेरून तो फांदा निघत नाही. आत कुणीतरी असावं लागतं.