धुतलेलं तूस

मी हे लिहावं की नाही, हे मला नीट ठरवता आलं नाही. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलेलं नाही. वाक्य कुठं चुकलं तर समजून घ्या.

"तुमच्या लोकांना काय धुवावं अन् काय नाही, एवढंही समजत नाही का?"

सरांनी हे भर वर्गात विचारलं. त्यांच्या हातात प्लास्टिकच्या फळीचे दोन तुकडे होते. फळी आमच्या गटानं प्रकल्पासाठी प्रयोगशाळेत तयार केली होती आणि वाकवताच ती मोडली. आत सगळीकडे बुडबुडे.

"सर, याची माय चिप्सचे पुडेही साबणानं धुते!" मागून कोणीतरी बोललं. वर्ग हसला. मीही हसल्यासारखं केलं.

माझी आई भंडाऱ्यात बसस्टँडजवळ आणि कारध्याच्या पुलाखाली प्लास्टिक वेचते. बाटल्या कबाडी घेतो. तेलाच्या पिशव्या, चिप्सचे पुडे, फाटक्या कॅरीबॅग कोणी घेत नाही. असलं वेगवेगळं प्लास्टिक एकत्र वितळवलं तर ते एकमेकाला धरत नाही. फळी ठिसूळ होते. त्यात धानाचं तूस आणि सगळ्यांना बांधून ठेवणारं एक रसायन घातलं तर तीच फळी मजबूत होते. ही कल्पना सरांची. खरं ते सांगितलंच पाहिजे. कचरा आणि तूस आणायचं काम माझं.

"हे कॉलेजात जाणार आहे," असं मी आईला सांगितलं होतं. म्हणून तिनं पुडे धुतले. मग राईस मिलमधून आणलेलं तूसही धुतलं. तांदूळ धुवावेत तसं, पाणी नितळ होईपर्यंत. कोणाकडे काही द्यायचं तर ती स्वच्छ करूनच देते. तूस वरून वाळलेलं दिसलं, आत ओल राहिली. गरम झाल्यावर तिची वाफ झाली आणि फळी पोकळ निघाली.

वर्गातलं मी घरी बोललो नाही. नवं तूस आणलं, प्रयोगशाळेच्या ओव्हनमध्ये खडखडीत वाळवलं. या वेळच्या फळीवर दोन पोरं उभी राहिली. मोडली नाही.

कॉलेजात प्रकल्पांचं प्रदर्शन होतं, त्या दिवशी आई ती फळी बघायला आली. ठेवणीतलं लुगडं नेसून. सरांनी तिला दारात पाहिलं आणि मला म्हणाले, "आल्याच आहेत तर उरलेल्या कचऱ्याचं पोतं घेऊन जाऊ दे त्यांना. मागच्या गेटनं. पाहुणे येऊन राहिले."

आई लगेच पोत्याकडे वाकली. तिला त्यात काही वावगं वाटलंच नाही. माझ्यानं तेच पाहवलं नाही. मी पोत्यावर हात ठेवला.

"पोतं राहू द्या, सर. आई फळी पाहाले आली आहे."

"नाटकं नको करू. मार्क माझ्या हातात आहेत."

"असू द्या."

 मी तिला फळीच्या टेबलापाशी नेलं. तिनं फळीवर हात फिरवला.

"हे आपलेच पुडे व्हय का गा?"

"व्हय."

"मंग चाल आता, बाबू. लोकं पाहून राहिले."

एवढंच. आम्ही पायी घरी आलो.

त्यानंतर सर माझ्याशी बोलणं टाळू लागले. प्रकल्पाचं पुढं काय झालं, कोणी सांगेना. विचारून विचारून मीही कंटाळलो. शेवटी काल एसटीत आमच्या गटातला एक जण शेजारी येऊन बसला.

"आपली फळी नागपूरच्या प्रदर्शनाले निवडली गा," तो म्हणाला. मग खाली पाहत, "यादीतून तुयं नाव काढून टाकलं. पण सर म्हणे, तूस अन् पुडे पाठवून देजो. पहिल्यावानीच."

"नाही पाठवत."

"काहून बे? वर्ष जाईन न तुयं!"

"जाऊ दे."

सोमवारी मी प्राचार्यांकडे जाणार आहे. सगळं जसं घडलं तसं सांगणार आहे. माझं नाव परत लागेपर्यंत आमच्या घरचा एक पुडाही त्या कॉलेजात जाणार नाही.