काळ्या बिअरची भाजणी

आमचा दादा घरी बिअर करायचा, हे लातुरात कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. सगळ्या गल्लीत तो केमिस्ट्रीचा सर. त्याच्या बॅचला जागा मिळावी म्हणून भोकर-नायगावहून आईबाप पोरांना घेऊन यायचे आणि दारात ताटकळायचे. शेवटची बॅच सुटली की सर मागच्या खोलीत पातेलं मांडायचे. प्यायचा म्हणाल तर अर्धा ग्लास. त्याला वेड होतं ते चव जुळवण्याचं. जरा करपट लागली की अख्खी बादली मोरीत. टँकरच्या पाण्याची बिअर मोरीत जाताना बघून माझं डोकं फिरायचं, पण ऐकणार कोण?

गावाकडे भूकंपात आईबाबा गेले, तेव्हा तो लातुरात आत्याकडे राहून बारावी करत होता. मी गणपती बघायला आत्याकडे आले होते, म्हणून दोघं उरलो. आमच्या घराच्या दगडमातीतून धड निघाली ती फक्त आईची लोखंडी कढई. पुढे त्यानं शिकवण्या घेऊन मला वाढवलं, माझं लग्न लावलं, मी पलीकडच्या गल्लीतच राहायला लागले. स्वतःचं लग्न मात्र त्यानं टाळत टाळत राहूच दिलं.

मग त्याच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, सोमवारपासून रेडिएशनचे शेक सुरू करू. दोन-तीन आठवड्यांत तोंडाची चव जाईल, पुन्हा कधी येईल ते आत्ता सांगता येत नाही. दारूचं तर नावच काढायचं नाही. दादानं सगळं मान खाली घालून ऐकलं आणि परत येताना ऑटोत म्हणाला, "चव जायच्या आत एकदा काळी बिअर करू. दोन घोट घेतो, मग बंद." मी घर येईपर्यंत त्याच्याशी भांडले. पण त्यानं आयुष्यात माझ्याकडे दुसरं काही मागितलेलं मला आठवेना, म्हणून शेवटी हो म्हटलं.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव. साधं माल्ट घरात पोतंभर होतं. काळ्या बिअरला मात्र कॉफीच्या रंगावर भाजलेलं लागतं आणि ते पुण्याच्या दुकानात नेमकं संपलेलं. दादानं ठरवलं, घरचंच भाजायचं. म्हणाला, आईची कढई काढ, ती जाड हाय, बुडाला लागत न्हाई. त्या कढईत मी दरवर्षी काळा मसाला भाजते. आईची पद्धत अशी, की तिला साबण लावायचा नाही, राखेनं पुसून ठेवायची. तेलाचा अंश राहिला की बिअरचा फेस बसतो, असं दादानं बजावलं होतं, म्हणून त्या दिवशी मी राखेनं दोनदा घासली, वर कढत पाणी ओतलं. दादा शेजारी उभा राहून नुसत्या वासावर सांगत होता. बदामाचा वास सुटला तशी अर्धं माल्ट काढायला लावलं, उरलेलं पार काळपट होईस्तोवर माझ्याकडून हलवून घेतलं. घरभर धूर झाला. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा उजळलेला दिसला.

पण भाजलेलं माल्ट त्यानं कागदी पिशवीत भरून फडताळात ठेवून दिलं. आठवडाभर मुरू द्यायचं म्हणे, नाहीतर कच्चा धूर लागतो. मी कपाळावर हात मारला.

"दादा, सोमवारपासून शेक हाय. हा आठवडा आणायचा कुठून?"

"तशी मी करणार न्हाई," तो म्हणाला.

आठवडा गेला. मग माल्ट भरडलं, गरम पाण्यात भिजवलं, गाळून उकळलं, यीस्ट घातलं. बादली तिच्या वेळेनं फसफसत राहिली, ती काय कुणासाठी घाई करते? इकडे दादाचा गळा काळवंडला. जेवण पातळ पेजेवर आलं. चव लागते का विचारलं की "लागतीय की" म्हणायचा आणि तोंड फिरवायचा. एकदा पेज खाली लागून करपली, सगळ्या घरात वास, आणि हा शेजारी बसून पेपर वाचत राहिला. मी पातेलं गुपचूप धुवून टाकलं. मला तेव्हाच कळलं होतं, पण मानायचं नव्हतं.

बाटल्या तयार झाल्या तो रविवार होता. भर दुपारी त्यानं ग्लासात ओतली. रंग हवा तसाच आला होता. फेस वर आला आणि लगेच बसला. त्यानं एक घोट घेतला, कितीतरी वेळ तोंडात धरला आणि डोळे मिटून कसाबसा गिळला. मग ग्लास माझ्याकडे सरकवला.

"तू घे. आन् कशी लागतीय, मला सांग."

मी घोट घेतला. धने, दगडफूल, जळकं तेल. निव्वळ काळा मसाला! राखेनं काही ते निघालं नव्हतं. एरवी हा घोट त्यानं तिथल्या तिथं थुंकला असता. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"कॉफीसारखी," मी म्हटलं. "आणि मागून भाजल्या बदामाची चव येतीय."

"धूर?"

"जरासुद्धा न्हाई."

त्यानं मान हलवली. ग्लासाकडे बघत म्हणाला, फेस तेवढा बसला. मग मी त्याच्यासमोर बसून तो ग्लास शेवटपर्यंत संपवला.