विमलला विचारणारे मास्तर

फोटोमास्तरांनी आयुष्यात कुणाला ‘जरा हसा’ म्हटलं नाही. गिऱ्हाईक स्टुलावर बसायचं, दात काढायचं, आणि मास्तर कॅमेऱ्यामागून बाहेर येऊन म्हणायचे, “झालं का तुमचं? आता तोंड जागेवर येऊ द्या.” मग बाजूला जाऊन सुपारी कातरत बसायचे. माणूस कंटाळला, घरच्या कटकटींचा विचार करायला लागला, की उठून खट्. एकदा निवडणुकीला उभा राहिलेला एक जण बॅनरसाठी हात जोडलेला फोटो काढायला आला. मास्तर म्हणाले, “निवडून आल्यावर या. तेव्हाही हात जोडावेसे वाटले तर काढतो.” तो शिव्या घालत जिना उतरला आणि समोरच्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेला. दोन हजार साल उलटून गेलं होतं, रोलचे दिवस संपत आले होते, आणि हा माणूस आलेलं गिऱ्हाईक असं परत पाठवायचा.

कामतघरला एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर त्यांचा स्टुडिओ होता. लग्न केलेलं नव्हतं. लोकांना बोलायला तेवढं पुरतं. मी तिसरी शिकलेला माणूस, सगळा जन्म कापडाच्या लूमवर गेला. त्या खडखडाटात हळू बोललेलं कुणाला ऐकू जात नाही, म्हणून माझं तोंड मोठं. माझी बायको विमल गेली तेव्हापासून ते आणखी मोठं झालंय, असं आमचे नातेवाईक म्हणतात. म्हणू देत. मास्तरांबद्दल या भिवंडीत जे बोललं गेलं ते मी तेव्हा ऐकून घेतलं नाही, आणि आताही घेणार नाही.

विमल आमच्याच कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची. रेशनकार्डाला फोटो पाहिजे म्हणून ती मास्तरांकडे गेली. स्टुलावर बसली, पदर नीट केला आणि गप्प राहिली. मास्तरांनी सुपारी कातरायला घेतलीच नाही. लगेच फोटो काढला आणि म्हणाले, “बाई, तुम्ही बसता तसं बसायला लोकांना शिकवावं लागतं. मी तुमचे आणखी फोटो काढू का? विकायला नाही, कलेसाठी.”

“कलेसाठी म्हंजे कशासाठी?”

“ते मलाही अजून नीट कळलेलं नाही. म्हणून तर काढायचेत.”

ती घरी येऊन हसत हसत हे सांगायला लागली आणि माझं डोकं फिरलं. तसाच गेलो, जिना चढलो, म्हटलं, “माझ्या बायकोला विचारता, मला विचारायचं सुचलं नाही?” मास्तर कॅमेरा पुसत होते. वरही न बघता म्हणाले, “फोटो तुमचा काढायचा असता तर तुम्हाला विचारलं असतं. तुमचा नाही काढायचा मला. बसा, चहा घ्या.” एवढा राग आला, एवढा राग आला, आणि चहा पिऊन परत आलो. दुसऱ्याच्या बायकोवर नजर असलेला माणूस नवऱ्याशी गोड बोलतो. हा बाबा माझ्याशीच कडू बोलत होता. मला बरं वाटलं.

विमल सुट्टीच्या दिवशी जायला लागली. कधी मीही जाऊन कोपऱ्यात बसायचो. मास्तर तिला शिकवायचे. “तोंड विसर. वजन बघ. तुझं वजन आत्ता कुठं आहे?” ती म्हणायची, “डाव्या कुल्ल्यावर.” “मग तिथंच ठेव. खांद्यावर घेऊ नको, खांद्यानं काय पाप केलंय?” बाईला इतकी वर्षं कुणी असं विचारलं नव्हतं. लूमच्या मालकानं ती किती कांड्या भरते ते विचारलं होतं, तिचं वजन कुठल्या पायावर पडतं ते नाही.

पण मास्तरांचा पहिला धडा निराळाच होता. रोल भरायच्या आधी ते मुद्दाम काहीतरी खुळचट करायला सांगायचे. पहिल्या दिवशी म्हणाले, एका पायावर उभी राहा. राहिली. हात वर कर. केले. तसेच ठेव. ठेवले. पाय लटलट कापायला लागला तरी बाई उभीच. शेवटी मास्तरच ओरडले, “अगं, नको म्हण ना! मी मूर्खासारखं सांगतोय आणि तू करतेयस!”

“तुम्ही सांगितलंत म्हणून केलं.”

“मॉडेलला नको म्हणता आलं पाहिजे. त्याशिवाय मी रोल भरणार नाही. तिचं ‘हो’ मग कामाचं असतं.”

ते शिकायला तिला फार वेळ लागला. जन्मात कुणाला नको म्हटलेली बाई नव्हती ती. बापाला नाही, मालकाला नाही, मला नाही. एका रविवारी मास्तरांनी तिला डोक्यावर बादली घ्यायला सांगितली आणि ही म्हणाली, “नको. तुम्हीच घ्या.” मास्तरांनी टाळ्या वाजवल्या आणि रोल भरला. त्याच संध्याकाळी घरी मी चहा मागितला तर मलाही तेच उत्तर मिळालं. मास्तरांच्या नावानं शिव्या घालत मी स्टोव्ह पेटवला. विमल उंबऱ्यात बसून हसत होती.

दुसरी पद्धत सुईची. फिल्म धुऊन वाळली की दोघं उजेडात धरून बघायचे. विमलला जो नको असेल त्यावर ती सुईनं रेघ ओढायची, आणि तो फोटो मेला. मास्तरांच्या जिवावर यायचं. “अगं, हा चांगला होता गं!” असं कळवळायचे. पण सुई कधी काढून घेतली नाही.

त्यातलाच तो पाठीचा फोटो. विमल चोळी न घालता, लुगडं गुंडाळून पाठमोरी बसलेली, मान जराशी वळलेली, अर्धा चेहरा दिसतोय. मी तिथंच होतो. तिनं तो ठेवला. म्हणाली, “माझ्या आयसारखी दिसते न्हाय मी?” स्टुडिओत लावायलाही तिनंच हो म्हटलं. आणि मग सुरू झालं. आमची वहिनी म्हणाली, “भावजी, लाज हाय का न्हाय घराला?” चाळीतले पुरुष रेशनकार्डाचं निमित्त काढून फोटो बघून यायचे आणि खाली येऊन थुंकायचे. मी नळावर सगळ्यांसमोर बोललो, “तुमच्या आज्या उघड्या पाठीनं चिखलात लावणी करायच्या. तुम्ही त्याच पाठीवर बसून वाढलात. तेव्हा ती पाठ आजीची होती, आता नागडी झाली काय?” जो तो आपला हंडा नळाखाली सरकवायला लागला. उत्तर नसलं की लोक पाणी भरतात.

मग एक कापडवाला शेट आला. त्याला साड्यांच्या गठ्ठ्यावर चिकटवायला लेबल हवं होतं, आणि हाच फोटो हवा होता. मास्तर म्हणाले, “बाईंना विचारतो.” विचारलं. विमल म्हणाली, “नको.” शेटला हसू आलं. कांड्या भरणारी बाई नको म्हणते, हे त्याला नवीन होतं. तो गेला, आणि आम्हाला वाटलं विषय संपला.

तोवर आमचा कारखाना बंद पडला होता आणि मी मानकोलीला एका गोदामाच्या फाटकावर ड्युटीला लागलो होतो. एका सकाळी ट्रक आत घेतला, ताडपत्री ओढली, आणि समोर माझी बायको. प्रत्येक गठ्ठ्यावर. ट्रकभर विमल. त्या हरामखोरानं माणूस पाठवून भिंतीवरच्या फोटोचा फोटो काढून नेला होता, आणि लाल रंगात खाली कसल्याशा राणीचं नाव छापलं होतं. हमाल गठ्ठे फेकत होते. एका टेम्पोवाल्यानं लेबल सोलून आरशाजवळ चिकटवलं आणि मला म्हणाला, “चाचा, माल देखा क्या?” मी त्याची कॉलर धरली. लोकांनी त्याला सोडवलं. सगळे त्याच्या बाजूनं का आले, माझ्या बाजूनं का नाही, ते मला आजही कळलेलं नाही.

आम्ही तिघं शेटकडे गेलो. तो गादीवरून उठलाही नाही. “मास्टर, आधा चेहरा और एक पीठ. इसपे किसका नाम लिखा है?”

मास्तर काही बोलणार तोच विमल म्हणाली, “मग तुमच्या घरातल्या बाईची पाठ छापा की शेट. ती पण बिननावाचीच असंल.”

शेटचं तोंड तांबडंलाल झालं. आम्हाला बाहेर काढलं. चौकीत गेलो तर जमादार म्हणाला, “बाई, फोटोला स्वतः बसलात ना? मग आता बोंब कसली?” समाजाच्या पुढाऱ्यांकडे गेलो, तर त्यांनी मास्तरांनाच बोल लावला. फोटो काढलाच नसता तर चोरीला गेला असता का, हा त्यांचा न्याय. शेटला कुणी एक शब्द बोललं नाही. देवळाच्या कामाला त्याचा हात सढळ होता ना!

मास्तर दोन दिवसांनी दुपारी जेवणाच्या सुट्टीत गोदामाच्या फाटकावर आले. हातात बादली आणि फडकी, बरोबर विमल. मला म्हणाले, “आत सोडणार का? तुमची नोकरी जाईल.” मी फाटक उघडलं. तिघांनी ओली फडकी दाबून लेबलं सोलायला घेतली. विमल आणि मी ओरबाडत होतो. मास्तर मात्र एकेक लेबल हळूच उचलून लादीवर सरळ पसरत होते.

“मास्तर, फाडा की!” विमल ओरडली.

“फाडवत नाही गं,” ते म्हणाले.

तेवढ्यात मॅनेजर आला. माझी ड्युटी गेली. मास्तरांना संध्याकाळपर्यंत चौकीत बसवून ठेवलं, चोर म्हणून. चोर म्हणून! त्यांचा स्टुडिओ होता ती इमारत शेटच्या मेव्हण्याची निघाली. महिन्याभरात त्यांचं सामान जिन्यात आलं. आणि ते लेबल? ते पुढच्या दिवाळीला बदललं. शरमेनं नाही, दुसरं जास्त चकचकीत मिळालं म्हणून.

मास्तर मुरबाडला बहिणीकडे राहायला गेले. जाण्याआधी विमलला मुंबईतल्या एका चित्रकलेच्या शाळेत घेऊन गेले. तिथं पोरं समोर बसून माणसाचं चित्र काढतात. तिथल्या सरांना त्यांनी सांगितलं, “या बसतील. पण कसं बसायचं ते यांना विचारा.” विमल तिथं पुष्कळ वर्षं बसली. नव्या आलेल्या बायकांना आधी एका पायावर उभं करायची आणि त्या कधी ‘नको’ म्हणून ओरडतात याची वाट बघायची. मला घरी येऊन सांगायची आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची. तो तिचा सगळ्यात चांगला काळ. मग पोटाचं दुखणं आलं, आणि ती गेली.

तेराव्याला माझा पुतण्या दिनेश फोटो करून घेऊन आला. रेशनकार्डावरचं विमलचं तोंड घेऊन कॉम्प्युटरवर बनवलेला. अंगात लाल शालू, गळ्यात सोन्याचा हार, गोरीपान केलेली, मागं धबधबा. पाहुणे बघून म्हणाले, लक्ष्मी दिसते. मी दुःखात होतो, मला काही सुचत नव्हतं. हार घालून फोटो भिंतीला लागला.

जेवणाची ताटं मांडली होती आणि दारात मास्तर. हातात काठी, एका डोळ्यात मोतीबिंदू. मीच निरोप पाठवला होता. दिनेश माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “काका, ह्याला कोणी बोलावलं? सगळे बसलेत.”

“मी बोलावलं. तुला कोणी बोलावलं?”

मास्तर भिंतीजवळ गेले. फोटोच्या अगदी जवळ तोंड नेऊन बराच वेळ बघत राहिले. मग मागं वळून मला विचारलं, “ही कोण?”

 वहिनी पुटपुटली, “डोळं गेलं म्हाताऱ्याचं.” मी उठलो, फोटो काढला, दिनेशच्या हातात दिला. म्हटलं, “ने. तुझ्या घरी लाव. ह्या बाईशी माझं लग्न झालेलं नाही.” मग आरडाओरड झाली. मेलेल्या बाईचा अपमान केला म्हणाले, ज्यांनी जिवंतपणी तिच्या नावानं थुंकण्यात कसर ठेवली नव्हती ते! अर्ध्या ताटावरून सगळे उठले. दिनेशनं जाताना दार आपटलं. मास्तरांना मी माझ्या शेजारच्या पाटावर बसवलं. आम्ही दोघंच जेवलो.

जेवता जेवता मी म्हणालो, “तुमच्याकडे तिचे इतके फोटो. एक आणला असतात तर आत्ता तोच लावला असता.”

“काढून ठेवला होता,” मास्तर म्हणाले. “पिशवीत घातलासुद्धा. मग परत बाहेर काढला. स्टुडिओत लावू का म्हणून तिला विचारलं होतं. ती गेल्यावर हार घालून लावू का, हे कुठं विचारलं होतं?”

“मी सांगतो ना. मी नवरा आहे तिचा.”

त्यांनी मान हलवली. मला त्यांचाही राग आला. सगळ्या दिवसाचा राग आला. “मेलेल्या माणसाला आता कोण विचारायला जाणार, मास्तर?”

“तेच तर,” ते म्हणाले, आणि भात कालवायचे थांबले.  मग मी त्यांना एसटीत बसवून दिलं. पावसाळा सरायच्या आत त्यांच्या बहिणीचा निरोप आला, मास्तर गेले.

येणारे-जाणारे मला विचारतात, घरात बाईचा एक फोटो नाही? नाही. तिला विचारणारा एकच माणूस होता, तो गेला. बाकी कुणालाही मी त्या भिंतीला हात लावू देत नाही.