मेळाव्यातलं पुठ्ठ्याचं कार्ड

"ड्रेस घालून येऊ नका. तुमच्यात ती फडकी घेतात ना, ती घेऊन या. फोटोत आदिवासी वाटलं पाहिजे."

बँकेतले साहेब फोनवर असं म्हणाले. आणि मी "हो साहेब" म्हणाले.

मी बारावी शिकलेली. पेठच्या डोंगरात आमचं वनपट्ट्याचं, म्हणजे वनहक्क कायद्यात मिळालेल्या जमिनीचं शेत. नवरा सातपूरला कंपनीत कंत्राटावर, त्यामुळे शेत मीच करते. त्या वर्षी स्ट्रॉबेरी लावायची होती. रोपं, ठिबक, सगळ्याला आधी भांडवल लागतं. म्हणून दोघांच्या सहीनं किसान क्रेडिट कार्डाचा अर्ज दिला होता. साहेब म्हणाले, नाशिकच्या मेळाव्यात कार्ड मिळेल.

फडकी म्हणजे डोक्यावरून पाठीवर घ्यायचं आमच्या बायांचं कापड. माझ्याकडे ती नव्हतीच. आईची मागून आणली. आई म्हणाली, "लग्नात नको म्हणालीस. आज कशाला?" मी ती घडी करून पिशवीत टाकली.

स्टेजवर पुठ्ठ्याचं एक कार्ड आणलं. दाराएवढं. एक बाजू पाहुण्यांनी धरली, एक मी. तेवढ्यात साहेब पुढे आले आणि माझ्या डोक्यावरची फडकी स्वतःच्या हातानं खाली ओढून सारखी केली. विचारलंसुद्धा नाही. बकरी विकायला आणल्यावर तिचं तोंड वर करतात, तसं.

"हसा जरा."

मी हसले.

फोटो झाला. "सोडा आता, पुढच्या बाईला द्यायचंय." तेच कार्ड, एकामागून एक, सगळ्या बायांच्या हातात. त्यावर कुणाचंच नाव नव्हतं. नुसतं 'लाभार्थी'.

नंतर बँकेत गेले. साहेब म्हणाले, "वनपट्ट्यावर होत नाही. सातबारा आणा."

"मग मेळाव्यात दिलं ते?"

"ते प्रतीकात्मक होतं."

रांगेतले लोक हसले. साहेबांच्या पाठीमागे भिंतीवर माझाच फोटो होता, फ्रेम करून. मी मान खाली घालून बाहेर आले. पुन्हा दोनदा गेले, दोनदा तशीच परतले.

लावणीचे दिवस गेले. शेत पडीक राहिलं. मी दिंडोरीला द्राक्षाच्या बागेत मजुरीला गेले. तिथं शेजारच्या गावातली एक बाई माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "तूच ना ती बँकेतल्या फोटोतली? तुला मिळालं म्हणून मीबी अर्ज दिला. चार महिने झाले. मला काय बी सांगत नाय."

हातातली कात्री तशीच राहिली. आतापर्यंत मला वाटायचं, अपमान माझा झाला. पण माझं तोंड भिंतीवर लावून ते बाकीच्यांना फसवत होते. आणि मी गप्प होते, म्हणजे माझीही त्याला साथ होती.

दुसऱ्या दिवशी कामाला गेले नाही. तिला घेऊन बँकेत गेले.

"हा फोटो काढा."

"तो बँकेचा आहे."

"तोंड माझं आहे."

साहेब उठले नाहीत. मी स्टूल ओढलं, चढले आणि फ्रेम उतरवून त्यांच्या टेबलावर पालथी ठेवली.

"पोलिसांना बोलावू का?"

"बोलवा. त्यांच्यासमोरच सांगा मला कार्ड कधी दिलं ते. आणि नाही म्हणायचंय तर कागदावर म्हणा. कारण लिहा, सही करा, शिक्का मारा. आम्ही इथंच बसतो."

आम्ही दोघी फरशीवर बसलो. रांगेतलं कुणी हसलं नाही. बँक बंद व्हायच्या वेळेला कागद मिळाला, दोघींना वेगवेगळा. माझ्या कागदावर कारण लिहिलं होतं, 'कागदपत्रे अपूर्ण'. वनपट्ट्यावरही कार्ड द्यायचा नियम आहे, म्हणून वनपट्टा चालत नाही, हे लिहायची त्यांची हिंमत झाली नाही.

कार्ड अजून मिळालेलं नाही. तो कागद जोडून मी वरच्या कचेरीत तक्रार टाकली आहे. पाड्यातल्या बाया आता अर्ज करतात, ते मी लिहून देते. प्रत्येक अर्जाची पोच घेतो. बँकेत एकटी कुणी जात नाही. आम्हाला तोंडी नकार चालत नाही. नाही म्हणणाऱ्यानं खाली सही करायची. ती मिळेपर्यंत आम्ही उठणार नाही.